पोकेमॉनच्या जागतिक स्पर्धेचे वेध लागले असतील, तर या चुका टाळा

पोकेमॉनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००४ साली अमेरिकेतील ऑरलँडो येथे कार्डांच्या खेळाने सुरू झाली, २००९ पासून तिच्यात व्हिडिओ गेमचे सामनेही होऊ लागले आणि २०२२ मध्ये लंडनला ‘पोकेमॉन गो’ व ‘युनाइट’ या आणखी दोन खेळांची भर पडली. सोलापुरात रविवारी आमच्याकडे कार्डे घेऊन येणारा प्रत्येक नवा मुलगा पहिल्याच दिवशी विचारतो की, या स्पर्धेसाठी नाव कुठे नोंदवायचे. नाव नोंदवून तेथे खेळता येत नाही. हंगामभर अधिकृत स्पर्धांतून गुण मिळवून किंवा पात्रता स्पर्धा जिंकून निमंत्रण मिळवावे लागते. हे अज्ञान क्षम्य आहे. पुढच्या चुका मात्र नियम वाचलेली मुलेही करतात, म्हणून त्यांचा राग अधिक येतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे चकाकत्या कार्डांचा सोस. या कार्डांतील कागद हवेतील ओलावा शोषतो, वरचा चकाकता थर शोषत नाही, आणि त्यामुळे कार्ड वाकते. आमच्याकडचा एक हुशार मुलगा ऐन उन्हाळ्यात सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईच्या एका स्पर्धेला गेला. त्याच्या साठ कार्डांच्या डेकमध्ये, म्हणजे खेळायच्या गठ्ठ्यात, चार ‘अल्ट्रा बॉल’ तेवढी चकाकती होती आणि बाकी सगळी कार्डे साधी होती. सोलापूरच्या कोरड्या हवेत सपाट असलेली ती चार कार्डे मुंबईच्या दमट हवेत धनुष्यासारखी वाकली. जजने गठ्ठा आडवा धरून पाहिला, तेव्हा ‘अल्ट्रा बॉल’ नेमके कुठे आहेत ते फटींवरूनच कळत होते. हे कार्ड डेकमधून हवा तो पोकेमॉन, म्हणजे लढणारा काल्पनिक प्राणी, शोधून देते, त्यामुळे गठ्ठा कुठे कापावा हे ज्याला दिसते, त्याला फसवणूक करणे सोपे जाते. “सर, मी मुद्दाम केलं नाही,” असे तो सांगत राहिला. ते खरेही होते; परंतु कार्ड ओळखू येते का, एवढेच तपासले जाते, आणि त्याला एक डाव हरल्याचा दंड बसला. मी डेकमध्ये शक्यतो साधीच कार्डे ठेवतो, स्पर्धेच्या गावी पोहोचल्यावर सर्व साठ स्लीव्ह, म्हणजे कार्डांची प्लॅस्टिकची आवरणे, एकदम बदलतो आणि गठ्ठा टेबलावर आडवा ठेवून दिव्याखाली पाहतो. चकाकती कार्डे अल्बममध्येच शोभतात.

स्पर्धेत द्यायची डेकची यादी रात्री जागून लिहू नये. साठऐवजी एकोणसाठ कार्डांची यादी अशाच वेळी तयार होते.

घड्याळाकडे दुर्लक्ष करणे हीदेखील नेहमीची चूक आहे. साखळी फेरीत तीन डावांच्या सामन्याला पन्नास मिनिटे मिळतात, त्यानंतर फक्त तीन पाळ्या. विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एकच गुण असल्याने, हरल्यात जमा असलेला पहिला डाव चिवटपणे ओढत बसणारा मुलगा उरलेल्या दोन डावांचा वेळ स्वतःच खाऊन टाकतो. असा डाव सोडून द्यावा.

व्हिडिओ गेमच्या मुलांचा आजार वेगळा आहे. चांगला संघ स्वतः पकडून वाढवण्यात बराच वेळ जातो, म्हणून संगणकावरील प्रोग्रॅमने पाच मिनिटांत तयार केलेला पोकेमॉन कुणाकडून तरी घ्यायचा, हा त्यांचा आवडता आडमार्ग आहे. “ताकदीचे आकडे तर तेच येतात, मग काय बिघडले?” हा त्यांचा ठरलेला युक्तिवाद असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये योकोहामा येथील जागतिक स्पर्धेत अशाच कृत्रिम पोकेमॉनमुळे अनेक खेळाडू बाद झाले. वर्षभराची मेहनत, विमानाचे तिकीट, हॉटेलचे भाडे, सगळे वाया गेले. अदलाबदलीत मिळालेला पोकेमॉन बनावट निघाला, तरी जबाबदारी तो खेळवणाऱ्याचीच असते. म्हणून स्पर्धेच्या संघात मी अनोळखी माणसाकडून आलेला पोकेमॉन ठेवू देत नाही. ज्याला सहा पोकेमॉन वाढवण्याइतका धीर नाही, त्याला दिवसभर फेऱ्यांमागून फेऱ्या खेळण्याचा धीर कुठून येणार, हे मला कळत नाही. याच घाईत दोन पोकेमॉनना लढताना बाळगायला एकच वस्तू दिली जाते आणि संघ नियमबाह्य ठरतो.

जिंकल्यावर हात आवरावेत. २०२४ मध्ये होनोलुलू येथे कार्डांच्या उपांत्य फेरीत एका खेळाडूने अशोभनीय हावभाव केला आणि हाती आलेला सामना दंडात गमावला. त्याचा प्रतिस्पर्धी, चिलीचा फर्नांडो सिफुएंतेस, पुढे विश्वविजेता झाला. आमच्या टेबलावर म्हणूनच डाव संपला की आधी हस्तांदोलन करायचे आणि मगच निकालाच्या चिठ्ठीवर सही करायची, आरडाओरडा करायचा तो खोलीबाहेर जाऊन.