अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट पुन्हा पुन्हा उडत असेल तर

गणपती तोंडावर आले की भजनी मंडळांचे आणि मंडपवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर टेबलावर येऊ लागतात. तक्रार एकच, ‘फ्यूज घातला की उडतो’. बऱ्याच सेटमध्ये कुणीतरी आधीच नवे ट्रान्झिस्टर घालून, थेट मेन्सला लावून तेही उडवलेले असतात. ‘शॉर्ट झालेला काढ, नवा घाल, चालू कर’ हा सल्ला म्हणजे पैसे पाण्यात घालणं आहे. आउटपुट ट्रान्झिस्टर आपणहून क्वचितच जातो. त्याला मारणारा भाग बोर्डावर तसाच बसलेला असतो.

प्लग काढा. फिल्टरचे मोठे कपॅसिटर १०० ओहम, १० वॅटच्या रेझिस्टरने रिकामे करा आणि ते रिकामे झाल्याचं मीटरवर बघा. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढायची पद्धत सोडून द्या.

आता मीटरच्या डायोड मोडवर आउटपुट ट्रान्झिस्टरचे कलेक्टर-एमिटर तपासा. शून्याजवळ आकडा दिसला तर शॉर्ट. ट्रान्झिस्टर समांतर जोडलेले असले की एक गेला तरी सगळेच शॉर्ट दिसतात, म्हणून सोडवून एकेक तपासा. बदलताना मात्र त्या बाजूचे सगळे बदला. जे वाचले त्यांनीही तोच झटका खाल्लेला असतो.

इथेच थांबू नका. ड्रायव्हर, म्हणजे आउटपुटला चालवणारे छोटे ट्रान्झिस्टर (टीआयपी ४१-४२ किंवा तत्सम), बेसचे रेझिस्टर आणि ०.२२ किंवा ०.३३ ओहमचे पांढरे एमिटर रेझिस्टर तपासा. हे पांढरे रेझिस्टर बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून तुटलेले असतात. आउटपुटला जमिनीशी जोडलेला १० ओहमचा रेझिस्टर काळा पडला असेल, तर सेट ऑसिलेट होत होता (सिग्नल नसतानाही आपोआप उच्च फ्रिक्वेन्सी काढत होता) असं समजा आणि त्याच्यासोबतचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही बदला.

आउटपुट ट्रान्झिस्टरच्या ५२०० आणि १९४३ या जोड्यांमध्ये नकली माल भरपूर आहे. संशयास्पद स्वस्त जोडी घेऊ नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुणी चाकरमानी आणून देणार असेल, तर त्याला खात्रीचं दुकान सांगून पाठवा. बसवताना मायका आणि पेस्ट नवी घाला, मग कलेक्टर ते हीट सिंक (ट्रान्झिस्टर थंड ठेवणारा धातूचा भाग) बीप वाजत नाही ना ते बघा.

खरी परीक्षा बायसची, म्हणजे आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणाऱ्या थोड्या करंटची. या टप्प्याने मलाही पुष्कळ छळलं आहे, आणि किनाऱ्यावर तर तो जास्तच छळतो. मालवण-वेंगुर्ल्याकडचा सेट उघडला की बायस ठरवणाऱ्या उघड्या प्रिसेटवर (स्क्रू ड्रायव्हरने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरवर) खाऱ्या हवेचा हिरवट थर दिसतो. मीटर लावून त्याच्यावर लाकडी काडीने हलकी टिचकी मारा. आकडा उड्या मारतो, कधी मधेच तुटतो. प्रिसेट बायस ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-बेसमध्ये असेल आणि तुटला, तर तो ट्रान्झिस्टर बंद पडतो, बायस एकदम कमाल होतो आणि नवी जोडी काही क्षणांत जाते. म्हणून माझा नियम ठाम आहे: जुना प्रिसेट पुसून परत वापरायचा नाही. बंदिस्त मल्टीटर्न प्रिसेट घाला. स्प्रे मारून काम भागवणाऱ्यांचं ऐकू नका, पावसाळा सुरू झाला की तो प्रिसेट पुन्हा उड्या मारू लागतो.

नवा प्रिसेट आधी कमीत कमी बायसवर ठेवा. कलेक्टर-बेसच्या बाजूला असेल तर रेझिस्टन्स सर्वांत कमी, बेस-एमिटरच्या बाजूला असेल तर सर्वांत जास्त. अंदाजाने मधोमध ठेवू नका, ट्रॅक बघून ठरवा.

मग सेट सिरीज बल्बमधून, म्हणजे मेन्सच्या एका वायरीत मधे जोडलेल्या बल्बमधून, चालू करा. साधा फिलामेंटचा ६० किंवा १०० वॅटचा बल्ब हवा, एलईडी चालत नाही. स्पीकर जोडू नका, इनपुट शॉर्ट ठेवा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला पाहिजे. तेजस्वीच राहिला तर ताबडतोब बंद करा, अजून काहीतरी शॉर्ट आहे. मंद झाला तर आउटपुटवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवं. पुरवठ्याएवढं डीसी असताना स्पीकर लावला तर त्याची कॉइल जळते.

आता मीटर एमिटर रेझिस्टरवर ठेवून प्रिसेट हळूहळू फिरवा. ०.२२ ओहमवर साडेपाच मिलिव्होल्ट म्हणजे २५ मिलिअँपिअर. सेटच्या सर्किटमध्ये आकडा दिलेला असेल तर तोच धरा, नसेल तर इथून सुरुवात करा. बल्ब काढून थेट मेन्सवर पंधरा-वीस मिनिटं चालू द्या आणि पुन्हा मोजा. गरम झालेल्या ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं, त्यामुळे करंट वाढत जातो. तो आवरायला बायसचा ट्रान्झिस्टर (बहुधा बीडी १३९) हीट सिंकला घट्ट चिकटलेला असावा लागतो. आकडा थांबायचं नावच घेत नसेल, तर प्रिसेट पुन्हा फिरवत बसू नका. हा ट्रान्झिस्टर हीट सिंकपासून सुटलाय का ते बघा. मागच्या मेकॅनिकने तो तारेवर लोंबकळत सोडलेला बऱ्याचदा सापडतो. समांतर ट्रान्झिस्टरच्या एमिटर रेझिस्टरवरचे आकडेही जवळपास सारखे हवेत. एकाचा फार वेगळा असेल तर तो बदला.

शेवटी स्पीकर लावून अर्धा तास वाजवा. सेट नेण्याआधी मंडळाकडून स्पीकर त्यांच्या वायरींसकट मागवून वायरींच्या टोकांवर मीटरने मोजा. ८ ओहमचा स्पीकर सुमारे ६ दाखवतो. चार ओहमचे दोन समांतर जोडलेले असले की भार २ ओहमवर येतो, आणि बरेचसे सेट त्यानेच जातात. आकडा तेवढा खाली दिसला तर ती जोडणी सोडवा, मगच सेट हातात द्या.