स्टोरेज गीझर घेताना न् वापरताना या चुका टाळा

आमच्या गीझरच्या सेफ्टी वॉल्व्हमधून टपटप पाणी पडायचं, बाबा वैतागले आणि एक दिवस त्या तोंडाला प्लग ठोकून मोकळे झाले. चार दिवसांनी प्लंबर दुसऱ्याच कामाला आला, वर बघितलं न् म्हणाला, "काका, आधी गीझर बंद करा, तो प्लग काढू, मग बेसिनचं बघतो."

कारण असंय की 25 लिटर पाणी 25 वरून 60 डिग्रीला गेलं की साधारण 350 मिली वाढतं, टाकी गच्च बंद, मग त्या वाढलेल्या पाण्याने जायचं कुठं? त्यात थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा स्विच) अडकला न् वॉल्व्हही बंद असला तर टाकी फुटू शकते. त्यामुळे पाणी तापताना थोडं टपकलं तर टपकू द्या, आम्ही आता नळी लावून जाळीपाशी सोडलीये. गीझर बंद असतानाही सतत गळत असेल तर मात्र लाइनला प्रेशर जास्त आहे नाहीतर वॉल्व्ह गेलाय.

दुसरी चूक साइजची. दोघांच्या घरात उगाच 25 लिटर कशाला? 15 लिटर 60 डिग्रीचं पाणी 25 डिग्रीच्या गारात मिसळलं की अंघोळीजोगं 35 लिटर होतं, म्हणजे दोन बादल्या, आणि 2000 वॅटचा गीझर ते वीसेक मिनिटांत तापवतो. शॉवरवाली मंडळी असतील तर 25 घ्या.

उंच बिल्डिंगमध्ये, विशेषतः प्रेशर पंप असेल तर 8 बारचा, म्हणजे तेवढं पाण्याचं प्रेशर सोसणारा गीझर बघा (बार हे प्रेशरचं माप), कारण वरच्या टाकीपासून दर 10 मीटर खाली गेलं की एक बार वाढतो. स्टारपण बघा हो, गरम पाणी नुसतं पडून राहिलं तरी किती वीज जाते ते त्यावरून कळतं.

बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी असेल तर टाकी उघडून साफ करून घ्याच. आमची उघडली तेव्हा कॉइलवर चुन्याच्या पापड्या, आणि अ‍ॅनोड रॉडची नुसती तार उरलेली! हा मॅग्नेशियमचा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो, तो संपला की गंज टाकीला धरतो.

एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको, 16 अँपियरचा सॉकेट न् अर्थिंग पाहिजेच. आणि नवीन बसवल्यावर गरम पाण्याच्या नळाला नीट धार आल्याशिवाय स्विच लावू नका, रिकाम्या टाकीत कॉइल जळते.