पॅनेल वाकडं येतंय? आधी एक पट्टी काढा

कुपवाड एमआयडीसीत आमच्या शेडवर धाग्यांचं कापड रेझिनमध्ये (घट्ट होणारा चिकट द्रव) बसवून पॅनेलं करतो. तिथे इंजिनीअरिंगची पोरं प्रोजेक्टला येतात. प्रश्न ठरलेला: "काका, मोल्ड सपाट आहे, मग पॅनेल वाकडं का?" मी त्यांना पट्टी करायला लावतो.

ग्लासचं यूडी कापड घ्या, म्हणजे सगळे धागे एकाच दिशेचे. सपाट पत्र्यावर वॅक्स मारून दोनच लेअर टाका. खालचा पट्टीच्या लांबीला धरून, वरचा त्याला आडवा. गरम क्युअरचं, म्हणजे ओव्हनमध्ये तापवून घट्ट होणारं इपॉक्सी रेझिन वापरा, रोलरने बुडबुडे काढा. ओव्हनमधून निघाल्यावर पूर्ण गार होऊ द्या आणि मग फूटभर लांब, इंचभर रुंद पट्टी कापा. सोडवली की ती कमानीसारखी वळते. नीट बघा, आडव्या धाग्यांचा थर आतल्या बाजूला असतो.

हिशोब सोपा आहे. १२० अंशांवरून २५ वर आलं, की एक मीटरमागे नुसतं इपॉक्सी साधारण ५ मिलिमीटर आकसतं, काचेचा धागा जेमतेम अर्धा. कार्बनचा धागा तर लांबीत आकसत नाही, उलट केसभर वाढतो. आडव्या थरात पट्टीच्या लांबीला रेझिन धरून ठेवायला धागाच नाही, म्हणून तो जास्त ओढतो.

तीच पट्टी परत तापवा. हळूहळू सरळ होते. ज्या तापमानाला सपाट झाली ते वहीत लिहा, तिथे ताण जवळपास शून्य. बहुतेक वेळा हा आकडा क्युअरच्या थोडा वर येतो, कारण घट्ट होतानाही रेझिन आकसलेलं असतं.

आता जॉबकडे, म्हणजे खऱ्या पॅनेलकडे. लेअर मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना सारखे लावा: उभा, आडवा, आडवा, उभा. पॅनेल सपाट येईल. ताण मात्र आतच राहतो, आणि भार आला की पहिली बारीक चीर आडव्या थरात पडते. म्हणून एकाच दिशेचे चार-पाच लेअर एकावर एक चढवू नका. कमी तापमानाला घट्ट होऊ द्या, पोस्ट-क्युअर, म्हणजे घट्ट झाल्यावर पुन्हा तापवणं, नंतर सावकाश. ओव्हन बंद केल्यावर लगेच दार उघडायचं नाही, डिस्पॅचवाला कितीही ओरडू दे.

काटकोनी जॉबला मात्र हा सारखेपणा पुरत नाही. जाडीच्या दिशेने धागा नसल्याने कोन अंशभर मिटतो. मी मोल्डच ९१ अंशांचा करतो आणि पहिला पीस मोजून मग फरक काढतो.

पट्टीचा वाक ज्या दिवशी काढली त्याच दिवशी मोजा. पावसाळ्यात रेझिन ओल शोषून फुगतं आणि वाक उतरतो. आषाढात शेडमध्ये पडून राहिलेल्या पट्टीचा आकडा मी वहीत घेत नाही.