बडोद्यातील जुने घर विक्रीसाठी तयार करताना

घर विकायचे ठरले की बहुतेक जण सर्वांत आधी रंगाऱ्याला बोलावतात. माझा आग्रह असा आहे की रंगारी सर्वांत शेवटी यावा. दांडिया बाजारातील आमचे वडिलोपार्जित घर विक्रीला काढले, त्या वर्षी पावसाळा सरतो न सरतो तोच आम्ही घाईने रंग देऊन घेतला आणि दिवाळी होईपर्यंत मधल्या खोलीच्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत पोपडे आले. घर पाहायला आलेल्या एका गृहस्थांनी काही न बोलता त्या भिंतीवर तळहात टेकवला, बोटांना लागलेली पांढरी भुकटी पाहिली आणि दहा मिनिटांत निरोप घेतला. घर बांधणीने उत्तम होते, तरी त्या एका भिंतीमुळे बाकीच्या घरावरचाही त्यांचा विश्वास उडाला.

म्हणून तयारीची सुरुवात पावसाळ्यातच करावी. जून ते सप्टेंबर या काळात जिथे ओल दिसेल तिथे पेन्सिलीने कडा आखून तारीख लिहून ठेवावी, म्हणजे पाणी कोठून येते हे पुढे ताडता येते. जोत्यापासून कमरेपर्यंत चढणारी ओल बहुधा जमिनीतून येते, छताच्या कडेला दिसणारी गच्चीतून येते आणि नहाणीघराला लागून असलेल्या भिंतीवरची, पाऊस थांबल्यावरही न वाळणारी ओल नळाच्या गळतीची असते. गच्चीवर चायना मोझॅक (चिनी मातीच्या फरशीच्या तुकड्यांचा थर) असेल तर तुकड्यांमधील सांधे नव्याने भरून घ्यावेत आणि पावसाळी नळांची तोंडे मोकळी करावीत. अनेकदा एवढ्याने काम भागते. जुन्या घरांच्या विटांच्या भिंतींना चुन्याचा गिलावा असतो. त्यावर सिमेंटचा थर चढवला तर ओल आत कोंडते आणि काही काळाने अधिक वर चढते, म्हणून चुन्याच्या भिंतीची डागडुजी चुन्यानेच करणारा कारागीर शोधावा. असे कारागीर आता कमी झाले आहेत, पण शोधाचे श्रम वाया जात नाहीत.

गिलावा खरवडल्यावर भिंत निदान दीड-दोन महिने उघडी राहू द्यावी. ती वाळली की नाही हे पाहण्यासाठी हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने लावून दोन दिवस ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूस दव धरले तर रंगाऱ्याला आणखी थांबवावे. बडोद्यात हे वेळापत्रक सोयीचेही पडते, कारण डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, कमुरता (शुभकार्यांना वर्ज्य मानलेला महिना) असतो आणि गुजराती कुटुंबे त्या महिन्यात सहसा घराचा व्यवहार करीत नाहीत. हवा कोरडी असताना त्याच दिवसांत रंग उरकला, तर उत्तरायणानंतर घर दाखवण्यास तयार होते. रंग पांढऱ्याच्या जवळचा, फिकट असावा. आतल्या खोल्यांना उजेड कमी असतो. दाराच्या चौकटी मात्र रंगवण्याआधी तळाशी ठोकून पाहाव्यात. पोकळ आवाज आला तर वाळवीचा बंदोबस्त आधी करावा.

सामान आवरणे हे मनाला सर्वांत जड जाणारे काम आहे. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी, ट्रंका आणि आजोबांची कागदपत्रे यांना हात लावताना भावंडांनी एकत्र असावे, म्हणजे पुढे कुरबुर राहत नाही. भिंतीवरील कॅलेंडरे, मोकळे खिळे आणि लोंबत्या वायरी काढाव्यात. देवघर शेवटपर्यंत नांदते ठेवावे असे माझे मत आहे, कारण दिवा लागलेले घर पाहणाऱ्याला जिवंत वाटते. झोपाळाही उतरवू नये. त्याच्या पितळी कड्या चिंचेने घासाव्यात, आढ्याच्या हुकांना तेल द्यावे आणि सागवानी पाटावर जवसाच्या तेलाचा हात फिरवावा. येणारे कुटुंब त्याच्यावर बसतेच, आणि बसल्यावर घाई करीत नाही.

बंद घराला कुबट वास येतो. तो सुगंधी फवाऱ्याने झाकण्याचा प्रयत्न करू नये, कारण फवाऱ्याच्या वासाने शंका अधिक वाढते. आठवडाभर सकाळी खिडक्या उघडाव्यात आणि नहाणीघराच्या व मोरीच्या जाळ्यांत बादलीभर पाणी ओतावे. वापर नसला की जाळीखालच्या वळणातील पाणी आटते आणि गटाराचा वास थेट घरात येतो. नवे मॉड्युलर स्वयंपाकघर बसवण्यात पैसा घालू नये. घेणारी गृहिणी आपल्या सोयीने ते पुन्हा करून घेते. ओट्याची फरशी, गळका नळ आणि विजेचे पिवळे पडलेले स्विच बदलावेत, तेवढे पुरे.

विश्वामित्री नदीच्या पुराविषयी प्रत्येक जण विचारील. 31 जुलै 2019 चा पाऊस आणि ऑगस्ट 2024 चा पूर शहर विसरलेले नाही. पाणी अंगणात आले, पायरीपर्यंत आले की आत शिरले, हे जसे घडले तसे सांगावे. पुराची खूण रंगाखाली झाकली तरी शेजारी खरे ते सांगतातच. उलट, त्यानंतर विजेचे बोर्ड वर घेतले असतील किंवा जोत्याची दुरुस्ती केली असेल, तर ती हाताने दाखवावी.

मूळ दस्तावेज, प्रॉपर्टी कार्ड, वारसाची नोंद, घरवेऱ्याच्या (घरपट्टीच्या) पावत्या आणि वीजबिल एका फायलीत लावून ठेवावे. वीजबिल दिवंगत वडिलांच्याच नावावर असणे ही आपल्याकडे नेहमीची अडचण आहे. नावबदल आधी करून घ्यावा. जुन्या शहराच्या काही भागांना 1991 चा अशांत धारा कायदा लागू आहे आणि तेथे विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. आपले घर त्यात येते का, हे गिऱ्हाईक येण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

घर दाखवण्याची वेळ सकाळची ठेवावी. अर्धा तास आधी सर्व दारे-खिडक्या उघडाव्यात, वरच्या टाकीत पाणी भरलेले असावे आणि प्रत्येक खोलीचा दिवा लागतो याची खात्री करावी. एकदा सोबत फिरून घर दाखवले की आपण बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसावे आणि पाहुण्यांना आतल्या खोल्यांतून एकट्याने फिरू द्यावे, कारण नवरा-बायकोला आपसांत जे बोलायचे असते ते मालकासमोर बोलता येत नाही.