पेटीवाल्यांनी फिलिप ग्लास कसा वाजवावा

तबल्याच्या एकलवादनाला नगमा (तालाचं माप दाखवत पुन्हापुन्हा वाजवायची सुरावट) धरणाऱ्याला अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लास यांचं पियानोसंगीत परकं वाटायचं कारण नाही, असं माझं ठाम मत आहे. मी पेटी वाजवते, शिकवते, आणि पियानोकडे बरीच उशिरा आले. ‘तेच तेच काय वाजवतोय’ ही या संगीताबद्दलची नेहमीची तक्रार. आपण तर तीनतालातला एकच नगमा अर्धा-पाऊण तास तसूभरही न हलता धरतो, आणि तो धरता येणं हीच आपली विद्या. ती इथे कामाला येते.

वाजवायला बसण्याआधी या माणसाबद्दल थोडं माहीत हवं. ग्लास १९३७ साली बाल्टिमोरमध्ये जन्मले. वडिलांचं रेकॉर्डचं दुकान. ज्या रेकॉर्ड खपत नसत त्या वडील घरी आणून ऐकत, का खपत नाहीत ते कळावं म्हणून. त्यामुळे विसाव्या शतकातलं अवघड संगीत मुलाच्या कानांवर लहानपणीच पडलं. पुढे न्यूयॉर्कला ज्युलियार्ड ही संगीतशाळा, मग १९६४पासून पॅरिसमध्ये संगीतशिक्षिका नादिया बूलांजे यांच्याकडे काटेकोर शिक्षण. तिथेच एका चित्रपटासाठी पंडित रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य वादकांना वाचता यावं म्हणून स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीत, उतरवायचं काम त्यांच्याकडे आलं. ग्लास उभ्या रेघा मारून ठोके पाडत, आणि तबलावादक उस्ताद अल्लारखाँ पुन्हापुन्हा सांगत की आघात चुकतोय, सगळे स्वर सारखेच आहेत. शेवटी ग्लासनी त्या रेघाच खोडल्या. मग कागदावर उरले ते दोन-दोन, तीन-तीनचे गट. हा प्रसंग ते स्वतः सांगत आले आहेत. त्यांच्या वादनाची किल्ली मला त्यातच सापडते.

तरी एक सावधगिरी: यात आपलं आवर्तन शोधू नका. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याची ओढ इथे नाही. ग्लासनी आपल्याकडून घेतली ती गट जोडण्या-तोडण्याची रीत. ती अंगात मुरावी म्हणून आठवडाभर पेटीवर एवढंच करा: सारेगमप. मग सारेगमप सारेगम. मग सारेगमप सारेगम सारेग. कुठेही जोर द्यायचा नाही, लय हलवायची नाही. १९६८च्या ‘टू पेजेस’ या रचनेत पाच स्वरांची ओळ अशीच वाढत-घटत जाते.

आता पियानो. ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड यासाठी पुरत नाही. ८८ वजनदार पट्ट्या आणि स्वर लांबवणारं पेडल हवंच. पहिली रचना म्हणून ‘ग्लासवर्क्स’ या १९८२च्या अल्बममधलं ‘ओपनिंग’ घ्या. ते एफ मायनरमध्ये आहे. आपल्या भाषेत पांढरी चारचा षड्ज, ग-ध-नी कोमल. चार-चार मात्रांचे तुकडे, छोटे खंड, आणि खंडांची पुनरावृत्ती. वाचायला सोपं, वाजवायला फसवं, कारण प्रत्येक मात्रेत उजव्या हाताला तीन स्वर आणि डाव्याला दोन. म्हणजे दीडपट, आणि तीही एकाच माणसाच्या दोन हातांत.

ती अशी बसवा. सहा मात्रांच्या दादऱ्याचा ठेका लावा, अगदी संथ. डावा हात पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर, म्हणजे समेला आणि खालीला. उजवा पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर. तोंडाने म्हणा: दोन्ही, उजवा, डावा, उजवा. आधी मांडीवर वाजवा, मग दोन्ही हातांनी एकेकच पट्टी, मग रचनेतले स्वर. दादऱ्याचं अख्खं आवर्तन म्हणजे ‘ओपनिंग’ची एक मात्रा, हे विसरू नका. न मोजता जमू लागलं की ठेका बंद करा. तो चालू ठेवलात तर समेवर वजन पडत राहील आणि संगीत लंगडेल.

पेटीवाल्यांची खरी अडचण डाव्या हाताची असते. त्याने आयुष्यभर भाता मारलेला, बोटं स्वतंत्र चालत नाहीत. रोज निम्मा वेळ एकट्या डाव्याला द्या, त्यात हयगय नको. पेडलही पेटीवर कधी लागलं नव्हतं. एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा संच बदलला की लगेच पाय उचलून पुन्हा दाबा, नाहीतर सगळा चिखल होतो. आणि प्रत्येक पुनरावृत्ती पूर्ण वाजवा. कंटाळून खंड गाळणारे विद्यार्थी पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं, कारण चौथ्या-पाचव्या फेरीला कान उघडतो तोच क्षण ते टाकून देतात.

बोटांना विश्रांती देताना ‘सत्याग्रह’ ऐका. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्षांवरचा हा ऑपेरा १९८० साली रॉटरडॅममध्ये झाला, आणि तो गायला जातो संस्कृतात, शब्द भगवद्गीतेचे. शेवटी गांधीजी चौथ्या अध्यायातलं ‘बहूनि मे व्यतीतानि’ गातात, आणि त्यांची चढती स्वरपंक्ती पुन्हापुन्हा येते. तिचे स्वर फ्रिजियन, म्हणजे पांढरी तीनपासून सलग पांढऱ्या पट्ट्या, म्हणजे भैरवीचे! मैफलीच्या शेवटी भैरवी ऐकत वाढलेल्या माणसाला इथे काय होतं ते ऐकूनच बघा. माझे डोळे दरवेळी भरून येतात.

‘ओपनिंग’ हातात बसलं की १९८८च्या ‘मेटॅमॉर्फोसिस’मधला दुसरा भाग घ्या. ‘मॅड रश’ त्यानंतर. दलाई लामांच्या न्यूयॉर्कमधल्या सभेसाठी, ते नेमके कधी पोहोचतील हे ठाऊक नसल्याने, हवी तेवढी लांबवता येईल अशी ती रचना झाली. सभेत पाहुणे येईपर्यंत पेटी वाजवत राहिलेल्यांना ही गरज वेगळी समजावून सांगायला नको. वीस एट्यूड, म्हणजे सरावासाठीच्या रचना, मात्र सर्वांत शेवटी. ते ग्लासनी १९९१ ते २०१२ या काळात लिहिले, पहिले दहा तर स्वतःचाच हात सुधारावा म्हणून. सुरुवात पाचव्यापासून करा, तो संथ आहे. सहाव्यात एकच स्वर झपाट्याने पुन्हापुन्हा वाजवायचा असतो. मनगट सैल ठेवा, त्याच पट्टीवर बोटं बदलत राहा, आणि कोपरापर्यंत दुखायला लागलं तर त्या दिवसापुरतं तिथेच थांबा.