सवयीची वाक्यं इंग्रजीत: ‘इफ’नंतर कोणतं रूप?

‘पाऊस पडला तर आम्ही घरात खेळतो.’ यातलं ‘पडला’ दिसायला भूतकाळी, पण बोलणं आजच्या सवयीचं. मराठीला ते खटकत नाही. इंग्रजीत मात्र ते जसंच्या तसं उतरवलं की ‘इफ इट रेन्ड, वी प्ले इनडोअर्स’ असं अर्धं कालचं, अर्धं आजचं वाक्य तयार होतं. म्हणून ‘तर’च्या आधीचं रूप बाजूला ठेवा आणि वाक्याच्या शेवटचं क्रियापद बघा. काळ तिथे ठरतो.

शेवटी ‘खेळतो’ असेल, तर इंग्रजीत दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ: ‘इफ इट रेन्स, वी प्ले इनडोअर्स’. शेवटी ‘खेळू’ असेल, तर बोलणं एका ठरावीक वेळेचं आहे: ‘इफ इट रेन्स, वी विल प्ले इनडोअर्स’. दोन्ही वाक्यांत ‘इफ’नंतर ‘रेन्स’च येतं. ‘इफ इट विल रेन’ इथे चुकीचं. हा फरक अर्थाचा आहे. ‘इफ आय ईट पीनट्स, आय गेट अ रॅश’ म्हणजे दाणे खाल्ले की अंगावर पुरळ उठतं, नेहमीच. समोरच्याच्या हातातली चिक्की बघून सावध करायचं असेल, तर ‘इफ यू ईट दॅट, यू विल गेट अ रॅश’.

खरी अडचण ‘खेळायचो’पाशी येते, म्हणजे सुटलेल्या किंवा जुन्या सवयीपाशी. इथे ‘इफ’नंतर साधा भूतकाळ घ्या, दुसऱ्या भागात साधा भूतकाळ किंवा ‘वुड’, दोन्ही चालतात: ‘इफ इट रेन्ड, वी प्लेड इनडोअर्स’ किंवा ‘वी वुड प्ले इनडोअर्स’. पण ‘वुड’चं वाक्य कल्पनेच्या वाक्यासारखंच दिसतं. ‘इफ ही केम टू पुणे, ही वुड स्टे विथ अस’: तो आला की आमच्याकडे राहायचा, की समजा तो आलाच, तर आमच्याकडे राहील? नुसत्या वाक्यावरून सांगता येत नाही.

यावर उपाय असा. मनात ‘जेव्हा जेव्हा’ घालून बघा. अर्थ टिकला तर ती सवय आहे. मग ‘इफ’ऐवजी सरळ ‘व्हेनएव्हर’ लिहा, शंका उरत नाही. ‘इन दोज डेज’सारखा काळाचा उल्लेख आधी केला तरी भागतं. आणखी एक खूण फार कमी शिकवली जाते: जुन्या सवयीत ‘यू’ सोडून एकवचनी कर्त्याला ‘वॉज’च हवं. ‘इफ ही वॉज लेट, हिज मदर वुड वेट’ हे सवयीचं वाक्य असू शकतं. ‘इफ ही वर लेट’ म्हटलं की ते फक्त कल्पनेचं उरतं.

‘वुड’ची एक मर्यादाही आहे. ते पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीसाठी वापरतात, दीर्घकाळ टिकलेल्या स्थितीसाठी नाही. ‘आम्ही नागपूरला राहायचो’ याचं ‘वी वुड लिव्ह इन नागपूर’ होत नाही. ‘वी यूज्ड टू लिव्ह’ म्हणा. राहणं, माहीत असणं, आवडणं, मालकीचं असणं या सगळ्यांना हेच लागू.

‘यूज्ड टू’बाबत आपल्याकडची एक रुळलेली चूक म्हणजे चालू सवयीसाठी ते वापरणं. ‘आय यूज्ड टू वॉक डेली’ ऐकणाऱ्याला वाटतं, चालणं आता बंद झालंय. रोज चालत असाल तर ‘आय वॉक डेली’ पुरेसं आहे. नकारात ‘डिडन्ट’ आल्यावर ‘यूज्ड’मधला शेवटचा ‘डी’ लिहायचा नाही. उच्चारात फरक पडत नाही, म्हणून तो चुकून हमखास लिहिला जातो. आणि ‘आय अ‍ॅम यूज्ड टू वॉकिंग’ म्हणजे मला चालण्याची सवय आहे, त्रास होत नाही. तिथे ‘टू’नंतर ‘वॉक’ नाही, ‘वॉकिंग’.