एकाच आरएफआयडी रीडरवर दोन-तीन पीएलसी? या चुका टाळा

वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. अख्खं बडोदं गच्चीवर आणि मी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एका पॅनेलसमोर, म्हणजे पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या) कपाटासमोर, उकिडवा बसलेलो. सुट्टीचा फायदा घेऊन त्या कारखान्यात पॅकिंग लाइनला नवं पॅनेल बसवलं होतं. भरणीच्या लाइनच्या जुन्या पॅनेलला जो आरएफआयडी रीडर (पॅलेटवरचा टॅग रेडिओ लहरींनी वाचणारं यंत्र) होता, तोच नेटवर्क स्विचमधून या नव्या पॅनेललाही दिलेला. ट्रायल सुरू झाली तशी पॅलेटं कधी वाचली जायची, कधी नाही. मेन्टेनन्सचा पोरगा म्हणाला, "साहेब, रीडर खराब छे." एक रीडर बदलून झाला होता, दुसरा तो खोक्यातून काढत होता.

रीडरला आधी हात लावू नका

ही पहिली आणि सगळ्यात महागडी चूक. एक पॅनेल सोडून बाकीच्यांच्या केबल काढा आणि वीस पॅलेटं सोडा. वीसच्या वीस वाचली गेली, तर रीडर, अँटेना, टॅग तिघंही निर्दोष. आम्ही नव्या पॅनेलची केबल काढली आणि एकही पॅलेट चुकलं नाही. खोका परत बंद केला.

एका तारेवर दोन मास्टर

आरएस-२३२ (सिरीयल तारेची जोडणी) समोरासमोरच्या दोघांसाठीच असतं. त्याला फाटा काढून दुसरा पीएलसी जोडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, तार काढून टाकतो. आरएस-४८५वर बरीच उपकरणं बसतात, म्हणून लोकांना वाटतं मास्टरही दोन बसतील. पण मॉडबस आरटीयू या तारेवरच्या बोलीत विचारणारा, म्हणजे मास्टर, एकच. एका म्यानात दोन तलवारी ठेवल्या की दोघांचे प्रश्न एकमेकांवर आदळतात, सीआरसी (संदेश नीट आला का याची पडताळणी) चुकतो आणि टाइमआउट येतात, तेही कधीमधी. त्यामुळे सगळे विजेच्या नॉइजच्या मागे लागतात आणि मोटरच्या ड्राइव्हच्या केबल हलवत बसतात.

याच तारेवरची आणखी एक गंमत. १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना लागतो, पण नवं पॅनेल आलं की वायरमन तिथेही लावतो. सप्लाय बंद करून ए आणि बी या दोन तारांत मीटर लावा. साधारण ६० ओहम दिसले तर ठीक; ४० दिसले तर तिसरा कुठेतरी बसलाय.

कनेक्शन मिळतच नाही

इथरनेटवाल्या रीडरचं मॅन्युअल उघडा आणि एका वेळी किती टीसीपी कनेक्शन (नेटवर्कवरच्या जोडण्या) चालतात ते बघा. काही रीडर आणि सिरीयल कन्व्हर्टर एकच घेतात. मग दुसरा पीएलसी सारखा दार ठोठावतो. काही मॉडेल तर नव्याला घेऊन जुन्याला बाहेर काढतात, आणि दोघं दर काही सेकंदांनी एकमेकांना हुसकावत राहतात.

यापेक्षा फसवं प्रकरण म्हणजे मेलेलं कनेक्शन. पॅनेलचा सप्लाय अचानक गेला तर रीडरला ते कळत नाही. त्याच्या लेखी जुनी जोडणी जिवंतच असते. सप्लाय परत आला तरी पीएलसीला जागा मिळत नाही. मग कोणीतरी रीडर बंद-चालू करतो, सगळं सुरळीत होतं आणि दुखणं झाकलं जातं. रीडरमध्ये कीप-अलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का हे मधूनमधून विचारणं) किंवा निष्क्रियतेचा टाइमआउट असेल तर तो सेकंदांत ठेवा. विंडोज आणि लिनक्समध्ये कीप-अलाइव्हची मूळ वेळ दोन तास असते; लाइनवर त्याचा काही उपयोग नाही.

इथरनेट/आयपी या पीएलसींच्या नेटवर्कवर दुसऱ्या कंट्रोलरला (पीएलसीला) ०१०६ हा हेक्स एरर आला, तर मालकीचा वाद आहे. एक्सक्लुझिव्ह ओनर, म्हणजे हुकूम देणारा मालक, एकच असू शकतो. दुसऱ्याला लिसन-ओन्ली (फक्त ऐकायचं) कनेक्शन द्या, पण मालकाचं कनेक्शन तुटलं की ऐकणाऱ्याचंही तुटतं हे लक्षात असू द्या. प्रोफिनेट या तशाच दुसऱ्या नेटवर्कवर शेअर्ड डिव्हाइसची (एक उपकरण दोन पीएलसींना देण्याची) सोय रीडरमध्ये आहे का ते खरेदीआधी विचारा.

दोघंही "वाचलं" म्हणतात

आमच्या पॅनेलचं दुखणं इथे होतं. तो रीडर दोन कनेक्शन घेत होता, त्यामुळे दोन्हीकडे हिरवा दिवा. पण नव्या पॅनेलचा प्रोग्राम जुन्याची कॉपी होता आणि दोन्ही प्रोग्राम टॅग वाचून झाला की रीडरचा बफर (वाचलेले टॅग साठवायची जागा) साफ करत होते. ज्याचा नंबर आधी लागला त्याला घास मिळाला, दुसरा उपाशी. जुन्याचा स्कॅन (प्रोग्रामची एक फेरी) हळू, म्हणून बहुतेक वेळा तोच उपाशी राहायचा आणि शिव्या रीडर खायचा.

उपाय एकच: मालक एक ठेवा. रीडरशी बोलणं, बफर साफ करणं, टॅगवर लिहिणं, सगळं त्याचं. बाकीच्यांनी त्या पीएलसीकडून माहिती घ्यायची. नुसता टॅगचा नंबर देऊन भागत नाही. तेच पॅलेट फिरून परत आलं तर नंबर बदलत नाही आणि शेजारच्या पीएलसीला नवीन वाचन झाल्याचं कळतच नाही. म्हणून सोबत एक काउंटर द्या, प्रत्येक वाचनाला एकनं वाढणारा. तो बदलला की नवं वाचन.

यात एक तोटा आहे. मालक पॅनेल बंद पडलं की सगळे आंधळे. ते परवडत नसेल तर दुसरा रीडर घ्या. एक रीडर वाचवण्यासाठी चार दिवस प्रोग्रामिंग करणारे मी पाहिलेत. त्या चार दिवसांचा पगार रीडरपेक्षा जास्त होतो.

नंबर जुळत नाहीत

दोन कंपन्यांचे पीएलसी असतील तर बाइटचा क्रम तपासा. आयएसओ १५६९३ या मानकाच्या टॅगचा नंबर आठ बाइटचा असतो आणि हेक्समध्ये सुरुवात ई० ने होते. एका पॅनेलवर ई० डावीकडे आणि दुसऱ्यावर उजव्या टोकाला दिसला, तर टॅग तोच आहे, फक्त उलटा वाचला जातोय. पलटी मारण्याचं काम मालक पीएलसीतच करा.

जाता जाता: कॉपी केलेल्या प्रोग्रामसोबत आयपी पत्ताही कॉपी होतो. लॅपटॉपवर एआरपी तक्ता (कोणत्या आयपीमागे कोणतं उपकरण आहे याची यादी) थोड्या वेळानं परत बघा. त्याच आयपीसमोर मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा पत्ता) बदलला तर दोन भाऊ एकाच नावाने फिरताहेत.

नव्या पॅनेलमधली साफ करायची ओळ काढली, जुन्यात (पॅनेल १) काउंटर घातला आणि दाराच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहिलं: "रीडरला फक्त पॅनेल १ लिहील." पोरगा रीडरचा खोका स्टोअरला परत द्यायला गेला. मी गच्चीवर पोचलो तेव्हा पतंग उतरले होते आणि तुक्कल (दोऱ्याला बांधलेले कंदील) चढायला लागले होते.